ओल कधी येते?

घर जुनं आहे, दोन मजली, वर सपाट गच्ची. ओल पाच ठिकाणी होती. वरच्या बेडरूमच्या छताला एका कोपऱ्यात पिवळट डाग. त्याच मजल्यावरच्या बाथरूमच्या बरोबर खाली, खालच्या खोलीच्या छताला गिलाव्याचे पोपडे. एका खिडकीखाली फुगलेली भिंत. कपड्यांच्या कपाटामागे काळी बुरशी. आणि तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीला लागलेला पांढरा लोणा. मागची कित्येक वर्षं यावर रंग लागत होता आणि रंगाच्या आतून ओल पुन्हा बाहेर डोकावत होती. या खेपेला रंगाऱ्याला बोलवण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करायचा, असं घरात ठरलं.

पहिले गृहस्थ आले, त्यांनी सगळं घर दहा मिनिटांत पालथं घातलं आणि पाचही जागांना एकच औषध सांगितलं: गिलावा खरवडायचा, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारायचे, वर पुट्टी आणि वर रंग. शिवाय गॅरंटी लेखी. गॅरंटी कसली, हे विचारल्यावर कळलं की ती डब्यातल्या मालाची होती. पाणी परत आलं तर भिंत कोणी बघायची, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नव्हतं.

दुसरे आले ते वयस्कर मिस्त्री, गवंडीकामात केस पांढरे झालेले. ते भिंतींकडे फारसे बघेनातच. म्हणाले, "ताई, ओल कुठं आहे ते मला दिसतंय. कधी येते ते सांगा."

पावसात वाढते, एवढंच आमच्यातल्या कुणालाही सांगता आलं.

"पाचही जागा पावसातच वाढतात का? पाऊस लागला की लगेच, का दुसऱ्या दिवशी? घराला कुलूप लावून गावाला जाता तेव्हा सुकते का? मग आत्ता फोडाफोड नको. आधी एक वही घाला."

त्यांनी स्वतः प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली आणि गेले. पैसे घेतले नाहीत. आम्ही वही घातली. रोज चार ओळी: पाऊस होता की नाही, किती वेळ, खिडक्या उघड्या होत्या की बंद, अंघोळी कधी झाल्या, कपडे कुठे वाळत घातले आणि कुठला डाग रेघेबाहेर गेला. वाढला की नवी रेघ, नवी तारीख. पहिले काही दिवस घरातल्यांना हा प्रकार म्हणजे माझं खूळ वाटलं. पण भर पावसात चार दिवस बाहेरगावी राहून आलो आणि बाथरूमखालचा डाग रेघेच्या आत आक्रसलेला दिसला, त्या दिवसापासून वही सगळेच लिहायला लागले.

त्या वहीतून एक गोष्ट स्वच्छ झाली. घरात शिरणारं प्रत्येक पाणी आपलं वेळापत्रक पाळतं. नळाच्या लाइनमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ती लाइन गळत असेल तर रात्रंदिवस गळते, कोणी नळ उघडो वा न उघडो. सांडपाण्याची लाइन वापरापुरतीच वाहते, म्हणून तिची गळती अंघोळीमागून येते. पावसाचं पाणी थेट भेगेतून येत असेल तर सरीबरोबर, आणि कुठे साठून झिरपत असेल तर उशिरा येतं आणि पाऊस थांबल्यावरही येत राहतं. हवेतली वाफ थंड भिंतीवर धरते, तिला पावसाची गरजच नाही, बंद खोली पुरते. आणि जमिनीतलं पाणी बारा महिने तिथेच असतं, ऋतूप्रमाणे थोडं वरखाली होतं. डाग मात्र सगळ्यांचे बऱ्यापैकी सारखेच दिसतात. म्हणून नुसत्या डागाकडे बघून औषध सांगणाऱ्यावर माझा आता विश्वास बसत नाही.

खिडकीचं प्रकरण सगळ्यात आधी सुटलं. वहीप्रमाणे ती भिंत फक्त वाऱ्यासह येणाऱ्या पावसात ओली होई, सरळ पडणाऱ्या पावसात नाही. मिस्त्रींनी बागेचा पाइप बाहेरून धरायला सांगितला, पण खालून वर: आधी खिडकीच्या खालच्या भिंतीवर, मग उंबऱ्यावर, मग चौकटीच्या बाजूंवर, सगळ्यात शेवटी वर छज्ज्याखाली, आणि दर टप्प्यावर दहा-दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच जातं आणि चोर सापडत नाही. पाणी चौकटीवर आलं तेव्हा आत थेंब आला. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक खाचा असतात, पट्टीत साठलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. कुणीतरी कधीकाळी बाहेरून सिलिकॉन भरताना त्या खाचाही नीट बुजवून टाकल्या होत्या. पट्टी भरायची आणि पाणी आत सांडायचं. ब्लेडने सिलिकॉन काढलं, खाचा मोकळ्या केल्या, उंबऱ्याचा ढाळ आतल्या बाजूला झुकला होता तो बाहेर काढून घेतला. छज्ज्याच्या तळाला, कडेपासून दोन-तीन बोटं आत, एक खोबण मारली. पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे यायला बघतं, ते त्या खोबणीशी तुटून खाली पडतं. एवढ्यावर ती भिंत बरी झाली.

कपाटामागची बुरशी मला वाटत होती बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल. वही म्हणत होती की ती थंडीत वाढते आणि पावसात उलट जैसे थे राहते. याची चाचणी फारच सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा हात-दीड हाताचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या मागे पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर ते खोलीतल्या हवेतलं. आमच्याकडे मागची बाजू कोरडी ठणठणीत आणि पुढची ओलसर.

२५ अंश तापमानाच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १७ अंशांच्या जरासा खाली असतो. म्हणजे कपाटामागची बाहेरची भिंत, जिथे खोलीची ऊब पोचत नाही, ती रात्री तेवढी थंड झाली की तिच्यावर पाणी धरणारच. बुरशीला तर दव पडेपर्यंतही थांबावं लागत नाही, पृष्ठभागाजवळची हवा बराच काळ ८० टक्क्यांच्या वर दमट राहिली तरी ती उगवते. त्यात आम्ही थंडीत त्याच खोलीत कपडे वाळत घालत होतो. पिळलेल्या बादलीभर कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी उरलेलं असतं, ते वाळलं म्हणजे हवेत गेलं. या जागेवर वॉटरप्रूफिंगचे दहा हात मारले असते तरी उपयोग शून्य होता. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, कपड्यांची दोरी बाहेर नेली, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवायचा असा नियम केला. बुरशी पुसताना मात्र मास्क आणि हातमोजे घातले, आणि ती कोरडी झाडली नाही. कोरडी झाडली की तिची बीजं घरभर उडतात.

खरा वेळ गेला तो बाथरूममध्ये. खालच्या छताला पोपडे आलेले, म्हणजे वरचं बाथरूम सगळं फोडून नव्याने करायचं, हा पहिल्या गृहस्थांचा हिशोब होता आणि वर फोडायचा उत्साहही होता. मिस्त्री म्हणाले, फोडायला काय, एक दिवस लागतो. आधी कोण गळतंय ते ठरवू.

सुरुवात पाण्याच्या मीटरपासून झाली. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी कुणीही पाणी वापरण्याआधी परत बघायचा. मीटरवर एक छोटं चक्र असतं, बारीकशी धार असली तरी ते फिरतं. आमचं फिरत होतं. म्हणजे दाबाखालची लाइन कुठेतरी गळत होती. पण वही सांगत होती की खालचा डाग अंघोळींनंतर वाढतो आणि आम्ही नसलो की आक्रसतो. दोन साक्षीदार, दोन जबान्या.

गुंता फ्लशने सोडवला. टाकीत खायचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. भांड्यात रंग उतरला होता. आतलं रबर झिजलं होतं, पाणी आवाज न करता सतत भांड्यात जात होतं. अशी गळती घराचं नुकसान करत नाही, सरळ गटारात जाते, पण मीटरची साक्ष बिघडवते. रबर बदललं, पुन्हा रात्रभर मीटर बघितला, चक्र जागचं हललं नाही. मीटर बघताना गीझरकडे जाणारी तोटी उघडी ठेवायची, एवढं लक्षात असू द्या. ती बंद असेल तर गरम पाण्याच्या लाइनवर दाबच नसतो आणि ती चाचणीतून सुटून जाते.

तरीही प्लंबरने हातपंप आणि दाबमापक आणून भिंतीतल्या पाइपांची स्वतंत्र परीक्षा घेतली. नळांच्या जागी बुचं मारली, एरवीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब दिला आणि काटा बघत बसलो. छतावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब तसा फार नसतो. १० मीटर उंचीच्या पाण्याने साधारण १ बार दाब होतो, दोन मजली घरात तेवढाही भरत नाही. त्यामुळे दीडपट म्हणजेही काही भयंकर नव्हतं, पंपाला तो सहज देता आला. काटा स्थिर राहिला. पाइप निर्दोष सुटले.

उरली जमीन, भिंती आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायच्या जाळीखालचं भांडं. इथे मिस्त्रींची रीत मला फार आवडली: एका वेळी एकालाच तपासायचं. ट्रॅपच्या गळ्यात आत बूच बसवलं, दाराशी सिमेंटचा छोटा बांध घातला आणि फरशीवर दोन बोटं पाणी रंग घालून दिवसभर तुंबवून ठेवलं. खाली काही नाही. पाणी काढलं, फरशी पुसली, मग शॉवर फक्त भिंतीवर सोडला, तोही बराच वेळ. खाली काही नाही. मग बूच काढलं आणि रंगीत पाण्याची बादली ट्रॅपमध्ये ओतली. तासाभरात खालच्या छताला रंगाचा थेंब लोंबत होता. आमच्याकडे त्या थेंबाचं असं कौतुक झालं की शेजारी बघायला आले.

म्हणजे फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर शाबूत होता. गळत होता ट्रॅप आणि त्याच्या पुढच्या पाइपचा सांधा. उघडल्यावर दिसलं की सांधा नुसत्या सिमेंटने भरलेला होता. प्लास्टिक गरम पाण्याने सिमेंटच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं आणि सिमेंट त्याला नीट चिकटतही नाही. रोज गरम, रोज थंड, असं होता होता दोघांत केसाएवढी फट पडते आणि मग तिला कुणी विचारत नाही. सगळं बाथरूम फोडण्याऐवजी ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या निघाल्या. नवा ट्रॅप, सांधा सॉल्व्हंट सिमेंटने (नावातच सिमेंट, प्रत्यक्षात प्लास्टिकचे पाइप जोडायचा चिकट द्रव), भोवतीची पोकळी आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरली आणि वरचा वॉटरप्रूफ लेप ट्रॅपच्या गळ्याच्या आतपर्यंत उतरवला. फरश्या बसवायच्या आधी पुन्हा पाणी तुंबवून बघितलं. ही चाचणी फरशी बसवल्यावर करण्यात अर्थ नाही, कारण मग नापास झालं तरी कुणी परत फोडत नाही, सगळे मिळून पास करतात.

फरश्यांच्या सांध्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याबद्दल घरोघरी गैरसमज असतो. फरशी आणि तिच्यामधली सिमेंटची ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ग्राउट सच्छिद्र असते, थोडं पाणी तिच्यातून खाली जातच असतं. पाणी अडवणारा थर फरशीच्या खाली असतो. वरचे सांधे परत भरणं चांगलंच, खाली जाणारं पाणी कमी होतं, पण खालचा थर फाटलेला असेल तर नुसत्या सांध्यांनी निभत नाही. आणि जमीन जिथे भिंतीला मिळते तिथे कडक ग्राउट चालतच नाही, तो कोन हलत असतो, तिथे लवचीक सीलंट लागतं.

प्लंबर घरात होताच, तेव्हा त्याच्याकडून बाकीची झडती घेतली. बेसिनखालच्या लवचीक नळ्यांवरची स्टीलची जाळी एका ठिकाणी गंजली होती. त्याच कपाटात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली असायची, तिच्या वाफेने हे होतं. बाटली हलवली, नळी बदलली. वॉशिंग मशीनच्या रबरी नळ्या दर पाचेक वर्षांनी, फुगण्याची वाट न बघता बदलायच्या, आणि मशीन बंद असताना तिची तोटी बंद ठेवायची. फुटली तर ती नळी नळासारखी थेंबथेंब गळत नाही, पूर्ण धार सोडते, आणि घरात कुणी नसतानाच फुटते असा तिचा लौकिक आहे. घराची मुख्य तोटी इतकी वर्षं न फिरवल्याने जाम झाली होती, ती बदलून घेतली, कुठे आहे ते लहानांसकट सगळ्यांना दाखवलं आणि आता मधूनमधून ती फिरवून ठेवतो. छतावरच्या टाकीच्या बॉलकॉकचा भरवसा संपला तर पाणी कुठे जाईल, हेही बघितलं. ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीवरच सांडत होता, तो लांब करून पन्हाळीत सोडला. एसीच्या पाण्याच्या नळीत शेवाळ साठून ती तुंबते, तीही साफ झाली.

आता गच्ची. वरच्या बेडरूमच्या छताचा डाग पाऊस सुरू झाल्यावर लगेच वाढत नसे. जोराच्या पावसानंतर अर्ध्या दिवसाने वाढायला लागे आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवस वाढत राही. मिस्त्रींनी वही वाचली आणि म्हणाले, "वर पाणी साठतंय. चला, पाऊस थांबला की वर जाऊ."

गेलो. पाणी जायच्या भोकाजवळच मोठं डबकं होतं. आजवर गच्चीवर जे जे थर चढले त्यांनी भोकाची जाळी आणि तिच्याभोवतीचा भाग बाकीच्या गच्चीपेक्षा उंच करून ठेवला होता. पाणी जायचं तर आधी दोन बोटं साठायला हवं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,००० लिटर, म्हणजे वजनाने ३ टन पाणी त्या एका भोकातून जायला निघतं. त्याला वाट मिळाली नाही तर ते दुसरी शोधतं. आमच्या घरी दुसरी वाट होती स्लॅब आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली लांबलचक भेग.

डाग मात्र त्या भेगेच्या खाली नव्हता, चांगला दोन-तीन मीटर आत होता. स्लॅबमध्ये विजेच्या तारांच्या नळ्या गाडलेल्या असतात. पाणी भेगेतून शिरून नळीत उतरलं आणि नळी जिथे सगळ्यात सखल होती तिथे बाहेर पडलं. म्हणूनच कित्येक घरांत गळती दिव्याच्या होल्डरमधून नाहीतर पंख्याच्या हुकातून टपकते. असं दिसलं तर बादली लावण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी पाडायचा. आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच होता, तरीही ते सर्किट काम संपेपर्यंत बंद ठेवलं.

डागाजवळचं छत मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकत बघितलं. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. तिथला गिलावा आणि काँक्रीटची खपली काढल्यावर आतली सळई गंजलेली. चांगलं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२ ते १३ असतो आणि त्यात सळई सुरक्षित राहते. पाणी आणि हवा वर्षानुवर्षं आत जात राहिली की हे कवच जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, तो आतून काँक्रीट फोडतो, भेगेतून आणखी पाणी येतं. हा भाग थोडका होता: सळई तारेच्या ब्रशने घासून उघडी केली, गंजरोधक लेप लावला आणि पॉलिमर मॉर्टरने भरून काढली. हे क्षेत्र मोठं असतं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवायचा होता, मिस्त्रींनीच आधी सांगून ठेवलं होतं.

गच्चीचं काम कोरडे दिवस बघून धरलं. सुटलेले जुने थर काढले, शेवाळ घासलं, भेगा छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रुंद करून पॉलिमर मॉर्टरने भरल्या. कठड्याच्या कोपऱ्यात सगळीकडे वाटा मारला, म्हणजे काटकोन जाऊन तिथे गोलाई आली. काटकोनात लेप पातळ बसतो आणि स्लॅब उन्हाने हलला की तिथेच फाटतो. मग सिमेंटयुक्त लेपाचा एक हात, त्यावर फायबरची जाळी, आणि दुसरा हात पहिल्याला आडवा. लेप जमिनीवर संपवला नाही, कठड्यावर वीतभर वर चढवला. भोकाभोवतीचा भाग तासून खाली नेला, ढाळ मीटरला १ सेंटिमीटर धरला. सपाट जाळीच्या जागी घुमटाकार जाळी बसवली, पानं तिच्या पायाशी अडतात आणि पाणी वरच्या खाचांतून जात राहतं. शिवाय कठड्यात थोड्या वरच्या पातळीवर एक मोकळं भोक पाडून ठेवलं. मुख्य वाट तुंबली तर पाणी त्या भोकातून सरळ बाहेर उडी मारेल आणि खाली अंगणात सगळ्यांना दिसेल. मला या सगळ्यात हे भोक सर्वांत शहाणं वाटतं.

डब्यावरच्या सूचना मिस्त्री मुलाकडून वाचून घेत. सिमेंटयुक्त लेपाला पृष्ठभाग आधी भिजवून वरचं पाणी निपटलेला लागतो, ॲक्रिलिकला कोरडा. माल एकाच्या सवयीचा आणि हात दुसऱ्याच्या सवयीचा झाला की लेप सोलून निघतो, आणि मग दोष कंपनीला लागतो. लेप सुकल्यावर भोक बंद करून गच्चीवर ४८ तास पाणी उभं ठेवलं, फक्त इंचभर. २५ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. उत्साहाने वीतभर भरलं तर जुन्या स्लॅबवर दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार येतो, तोही सगळीकडे एकदम.

वहीत त्यानंतर त्या डागाची नवी रेघ पडली नाही.

पहिल्या गृहस्थांचा आतून मारायचा लेप का टिकत नाही, हे मिस्त्रींनी कपाटाच्या दारावर खडूने चित्र काढून सांगितलं. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला लेप असेल तर पाण्याचा दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. आतल्या बाजूला असेल तर तोच दाब त्याला भिंतीपासून ढकलतो. आणि भिंत तर तोवर पाणी पिऊन बसलेली असतेच. आतून टिकणारे खास लेपही असतात, तळघराला बाहेरून हात पोचत नाही तिथे तेच वापरतात, पण बाहेरची बाजू मोकळी असताना आतून झाकायचं कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रंगासाठी मात्र घाई करू दिली नाही. भिंत सुकायला जुना ठोकताळा इंचाला महिना असा आहे, म्हणजे सहा इंची भिंतीला अर्धं वर्षसुद्धा. हवा खेळती असेल तर लवकर. वरून हाताला कोरडी लागणारी भिंत आत ओली असते, म्हणून फॉइलचा तुकडा परत लावून बघत होतो. मागची बाजू दोन दिवस कोरडी राहिली तेव्हा रंगारी आला. लोणा आलेला गिलावा धुतला नाही, कोरड्या ब्रशने झाडला. धुतला असता तर ते क्षार विरघळून परत भिंतीत गेले असते आणि सुकताना पुन्हा रंगाखाली स्फटिक होऊन रंग ढकलून आले असते.

राहिली तळमजल्यावरची अडगळीची खोली. तिथे वर ना बाथरूम, ना गच्ची. वहीत डाग कायम, उंची जवळजवळ एकच, मीटरभराच्या आतली, वर सरळ आडवी कड आणि कडेला लोणा. ही जमिनीतून चढणारी ओल. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट आणि गिलावा बारीक छिद्रांतून पाणी वर ओढतात, जोवर चढणारं आणि वाळणारं पाणी बरोबरीला येत नाही तोवर. ते अडवायला जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालतात, पण आमच्या जुन्या भिंतीत तो सापडला नाही. शिवाय बाहेरून फुलझाडांचा वाफा भिंतीला लागून, जोत्याच्या वरपर्यंत मातीने भरलेला, आणि रोज त्याला पाणी.

वाफा भिंतीपासून दूर नेला, माती जोत्याच्या खाली वीतभर उतरवली, भिंतीच्या कडेने बाहेर ढाळ असलेला कोबा घातला. आतला मीटरभर उंचीचा गिलावा पाडून भिंत उघडी ठेवली आहे. भिंतीत भोकं पाडून रसायन सोडण्याचा आणि असा ओलरोधक थर नव्याने तयार करण्याचा उपायही आहे. त्याबद्दल मिस्त्री म्हणाले, "तो सगळ्यात शेवटी. आधी बाहेरचं पाणी बंद करून भिंत काय म्हणते ते बघू." म्हणून सध्या त्या उघड्या विटांवर पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि शेजारी तारखा. पहिल्या रेघेपेक्षा आत्ताची ओल चार बोटं खाली आहे. एक पावसाळा पूर्ण जाऊन ती तिथेच थांबली किंवा आणखी उतरली तर चुन्याचा गिलावा करायचा, पुन्हा वर चढली तर रसायन सोडणाऱ्या माणसाला बोलवायचं, असं ठरलंय. तोपर्यंत अडगळीच्या खोलीतली पेटी आणि पुस्तकं विटांवर ठेवून, भिंतीपासून हातभर लांब आहेत.